टीव्हीच्या डान्स स्पर्धेत जुना गाजलेला डान्स पुन्हा करायचाय? मग असा बसवा

डान्सच्या कुठल्याही टीव्ही स्पर्धेत एक आठवडा असा येतोच, जेव्हा नवीन काही बसवायचं नसतं, आधीच गाजलेला एखादा डान्स पुन्हा करून दाखवायचा असतो. कुणी त्याला ट्रिब्यूट म्हणतं, कुणी रेट्रो स्पेशल, नाव काही का असेना, या आठवड्यात भलेभले आपटतात. जो पोरगा इतके दिवस परीक्षकांना खुर्चीतून उठवत होता तोच इथे "छान होतं, पण ती मजा नाही आली" एवढं ऐकून परत जातो, आणि त्याला कळतच नाही चुकलं काय, कारण स्टेप्स तर सगळ्या बरोबर होत्या.

बघणाऱ्याला अख्खा डान्स आठवतच नसतो हो. त्याला आठवतात तीन-चार जागा. कुठेतरी मान वळवलेली, कुठेतरी एकदम थांबलेलं, एखादी गिरकी, एखादी वस्तू फेकलेली. मायकल जॅक्सनचा 'बिली जीन'चा गाजलेला स्टेज परफॉर्मन्स घ्या, जवळपास पाच मिनिटांचा आहे, त्यात मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकणं, आहे जेमतेम काही सेकंद. बाकीच्या वेळात तो काय काय करतो हे दहा जणांना विचारा, टोपी, एका हातातला चमकणारा ग्लोव्ह आणि गिरकी घेऊन पायाच्या बोटांवर उभं राहणं, याच्यापुढे कुणी जात नाही. म्हणजे या जागा अचूक आल्या तर मधलं निम्मं बदललंत तरी लोक म्हणणार "सेम टू सेम", आणि या हुकल्या तर बाकी दीड मिनिट हुबेहूब उतरवूनही उपयोग शून्य. मी स्पर्धकांचे डान्स बसवून देते, आणि खाली जे सांगतेय त्याचा सगळा रोख हाच आहे, की जागा शोधा, त्यांना हात लावू नका, उरलेलं तुमच्या स्टेजला आणि तुमच्या अंगाला झेपेल असं नव्याने बांधा.

ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं?

प्रॉडक्शनकडून नुसतं गाण्याचं नाव येतं आणि पोरं लगेच पहिली सापडेल ती क्लिप लावून शिकायला बसतात. थांबा जरा. वरचंच उदाहरण घेतलं तर 'बिली जीन'च्या मूळ व्हिडिओत मूनवॉक नाहीच. तो पहिल्यांदा लोकांना दिसला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या टीव्ही कार्यक्रमात, ज्याचं शूट २५ मार्च १९८३ ला झालं आणि जो १६ मे ला दाखवला गेला. आणि स्टेप तर त्याहूनही जुनी, बिल बेली नावाचा टॅप डान्सर (बुटांच्या टकटकीने ठेका धरून नाचणारा) १९५५ मध्ये कॅमेऱ्यासमोर ती करून गेलाय आणि जेफ्री डॅनियलने १९८२ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर केली होती. तेव्हा तुम्हाला व्हिडिओ करायचाय का तो स्टेजवरचा परफॉर्मन्स, हे पहिल्याच मीटिंगमध्ये विचारून घ्या. दोन्हीची भेळ केलीत की कुणाचंच समाधान होत नाही.

फिल्मी डान्सचंही तसंच. एकाच नटीने तो डान्स सिनेमात केलेला असतो, मग पुढे अॅवॉर्ड फंक्शनमध्ये, मग कुठल्यातरी शोमध्ये पाहुणी म्हणून, दरवेळी थोडा वेगळा, आणि बघणाऱ्यांच्या डोक्यात हे सगळं एकत्र होऊन बसलेलं असतं. शंका आली तर सिनेमातलाच धरा.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. शोने स्वतःच्याच जुन्या सीझनचा डान्स तुम्हाला दिला तर. अमेरिकेतल्या 'सो यू थिंक यू कॅन डान्स'मध्ये २००६ साली मिया मायकल्सने एक बाकडं घेऊन जोडीचा डान्स बसवला होता, हायडी ग्रॉस्क्रॉइट्झ आणि ट्रॅव्हिस वॉल यांचा, त्याला पुढच्या वर्षी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि मग २०१२ च्या सीझनमध्ये मियाचे जुने डान्स नव्या स्पर्धकांना दिले गेले. इथे तुम्हाला कसलीच सबब उरत नाही. सिनेमातला डान्स कटिंग करून बनलेला असतो हे तरी म्हणता येतं, पण इथे पहिल्या जोडीनेही तेवढ्याच वेळात, तसल्याच स्टेजवर, एका दमात केलेलं असतं. असला नंबर आला तर हुबेहूब करण्याच्या नादाला अजिबात लागू नका, जागा तेवढ्या धरा आणि नातं तुमचं आणा, म्हणजे ते दोघं प्रेमिक वाटत असतील आणि तुम्ही दोघं भांडून आलेल्या मित्रांसारखे दिसत असाल तर तसंच दिसू दे, ते जास्त खरं वाटतं.

परवानगी आणि नाव

हे काम प्रॉडक्शनचं, तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, फक्त ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे नोंदवलेली हवी, आणि त्याच व्याख्येत सिनेमा मात्र वगळलाय, त्यामुळे फिल्मी डान्सचा हक्क कोणाचा हा गुंता वकिलांवरच सोडावा. अमेरिकेत १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेल्या कायद्यात नृत्यरचनेचं नाव थेट घेतलंय.

वाद कसा होतो ते बघा, २०११ मध्ये बियॉन्सेच्या 'काउंटडाउन'च्या व्हिडिओत बेल्जियमच्या कोरिओग्राफर अॅना टेरेसा द कीर्समाकर यांच्या १९८३ च्या 'रोझास डान्स्ट रोझास'मधल्या हालचाली दिसल्या आणि बराच गदारोळ झाला, आणि गंमत म्हणजे त्याच बाईंनी २०१३ मध्ये तो डान्स जगातल्या कुणीही शिकून करावा म्हणून स्वतःच ऑनलाइन शिकवायला ठेवला. म्हणजे करण्याला त्यांची हरकत नव्हती, न विचारता, नाव न घेता करण्याला होती.

म्हणून मूळ कोरिओग्राफरचं नाव स्क्रीनवर येईल का हे विचारा, आणि तुमच्या इंटरव्ह्यूत तुम्ही स्वतः घ्या. आपल्याकडे पडद्यामागच्या या लोकांना फार उशिरा मान मिळाला, फिल्मफेअरचा कोरिओग्राफीचा पुरस्कारच मुळी १९८८ च्या 'तेजाब'मधल्या सरोज खान यांच्या कामानंतर सुरू झाला.

क्लिप बघायची कशी

पहिला दिवस नाचू नका. खरंच. नुसतं बघा, आणि बघताना पुढच्या गोष्टी तपासा.

क्लिप उलटी नाही ना? ऑनलाइन टाकताना पकडलं जाऊ नये म्हणून लोक व्हिडिओ आरशासारखा फिरवतात, आणि तुम्ही सगळं डाव्या-उजव्याची अदलाबदल करून शिकता. मागे एखादी पाटी असेल तर अक्षरं बघा, पुरुषाच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो तो बघा, साडी असेल तर पदर बहुतेक वेळा डाव्या खांद्यावरून जातो. हे तपासायला अर्धा मिनिट लागतं आणि नाही तपासलं तर गिरकीची दिशा चुकते, ती शेवटच्या दिवशी सुधारताना रडायची वेळ येते.

वेग खरा आहे का? सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो, तो २५ फ्रेमच्या टीव्हीसाठी सरळ चालवला की सगळंच ४ टक्क्यांनी पळतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन मिनिटांच्या तुकड्यात जवळपास पाच सेकंद गेले. त्यामुळे ठेका नेहमी प्रॉडक्शनने दिलेल्या ऑडिओवरून घ्या, क्लिपवरून नको. आणखी एक चलाखी असते, काही गाण्यांत कॅमेरा ४८ फ्रेमवर चालवतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, मग पडद्यावर ओठ गाण्याला जुळतात पण केस, ओढणी, घेर सगळं तरंगत राहतं. तो तरंग तुमच्या अंगातून येणार नाही, कितीही घासा. तिथे कापड हलकं घ्या नाहीतर ती हालचालच बदला.

कट किती आहेत ते मोजा. हॉलिवूडचा जुना नाचणारा नट फ्रेड अस्टेअर हट्टाने पूर्ण शरीर दिसेल असं आणि कमीत कमी कट घेऊन शूट करायला लावायचा, त्याचा डान्स पाहिलात की एका दमात खरंच किती होतं ते कळतं. नंतरच्या बऱ्याच गाण्यांत मात्र दर दोन-तीन सेकंदाला कट, म्हणजे नाचणारी बाई मधे पाणी पिऊन, घाम पुसून, दुसऱ्या दिवशी येऊन पुढची ओळ नाचलेली असते. एका शॉटमध्ये ती जमिनीवर बसलेली आणि पुढच्यात उभी! उठली कधी, कशी, ते कुठेच नाही. हे मधले दुवे तुम्हालाच बनवावे लागतात, आणि खरं सांगायचं तर अर्धी कोरिओग्राफी तिथेच असते. प्रत्येक कटवर कागदावर रेघ मारा आणि ठरवा, की इथून तिथे जायला मला किती काउंट, म्हणजे ठेक्याचे किती आकडे, लागतील, ते काउंट गाण्यात आहेत का, नसतील तर आधीची हालचाल लवकर सोडायची का दोन शॉटमधला एक गाळायचा.

काउंट शीट

वहीत आडवा कागद धरा आणि प्रत्येक काउंटसमोर गाण्याचा शब्द, पाय, हात, नजर, श्वास आणि कॅमेरा एवढं लिहा. पाय आणि हात सगळेच लिहितात. नजर आणि श्वास कुणी लिहीत नाही आणि परीक्षक नेमकं तेच पकडतात. लांब ओळीच्या आधी श्वास कुठे घेणार हे ठरलेलं नसेल तर तो तुम्ही भलत्या ठिकाणी घेता, खांदे वर जातात, आणि क्लोज-अपमध्ये ते इतकं वाईट दिसतं की विचारू नका.

सगळं आठात मोजायची सवय असते, ती इथे जरा सांभाळून. केहरवा आठ मात्रांचा, तीनताल सोळा, तिथे आठाचा हिशोब बसतो. पण जुन्या गाण्यांत दादरा भरपूर, तो सहा मात्रांचा, कधी रूपक येतो सातचा, आणि त्याला तुम्ही ओढूनताणून आठात कोंबलंत की तिसऱ्या आवर्तनात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातातून गेलीच म्हणून समजा. सहाचं सहातच मोजा. मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतं, मग एकदा अंगात बसलं की तेच म्हणतात आता आठ नको.

जागा कशा शोधायच्या

तुम्ही डान्सर आहात, म्हणजे तुम्हाला जे अवघड ते महत्त्वाचं वाटणार. प्रेक्षकाला तसं नसतं. त्यामुळे जागा शोधायला डान्सर नसलेली माणसं लागतात. त्यांना व्हिडिओ दाखवू नका, नुसतं गाणं लावा आणि म्हणा, यावर ते काय करतात ते करून दाखवा. लोक लाजतात, हसतात, आणि मग हात आपोआप वर जातो, खांदा हलतो. दहापैकी सात जणांचा हात जिथे जातो ती जागा. बाकी सगळं मधलं भरणं.

वेगवेगळ्या वयाची माणसं घ्या, कारण साठीच्या काकूंना जे आठवतं आणि विशीतल्या मुलाने रीलमध्ये जे पाहिलंय ते एकच असेल असं नाही. दोन्हीकडे जी सापडते ती सगळ्यात पक्की.

जागा नेहमी स्टेप असते असंही नाही. 'सिंगिंग इन द रेन' या १९५२ च्या सिनेमातल्या जीन केलीच्या डान्समध्ये दिव्याच्या खांबावर चढून एका हाताने लटकणं ही जागा आहे, त्यात स्टेप कुठेय? पण खांबाशिवाय तो डान्स करून बघा. उलट त्यातलं टॅपचं काम प्रचंड कठीण आहे आणि सामान्य माणसाला त्यातला एकही तुकडा पाठ नसतो, तिथे तुम्हाला जे येतं ते टॅप करा, कोणी मोजत बसत नाही.

तीन किंवा चार जागा काढा, पाच झाल्या तर एक मारा. शीटवर त्यांना लाल चौकट करा आणि टीममधल्या सगळ्यांना बजावून ठेवा, की इथे बोटाचा कोनही बदलायचा नाही. नंतर मेंटर, डायरेक्टर, ड्रेसवाले, प्रत्येक जण काहीतरी बदल सुचवणार, चौकटीबाहेर असेल तर वाद न घालता हो म्हणा.

गाणं कापताना

मूळ गाणं चार-पाच मिनिटांचं, तुम्हाला मिळणार दीड ते दोन मिनिटं. कापायचं ते समेवर, ओळीच्या मध्ये नाही. आधी बघा लाल चौकटी गाण्यात कुठे पडतात, मग त्या ठेवून मधलं काढा. मुखडा एकदा पूर्ण, एखादं म्युझिक पीस, एका अंतऱ्याचा शेवट आणि परत मुखडा, बहुतेक वेळा एवढ्यात भागतं. पहिली जागा पहिल्या वीस सेकंदात आली पाहिजे, नाहीतर लोक वाट बघत बसतात आणि तोवर तुमचं नाचणं दिसतच नाही, आणि शेवटची जागा मात्र शेवटच्या आठ काउंटांसाठी राखा.

हल्ली जुन्या गाण्याच्या मधे अचानक ढोल नाहीतर बीट टाकून दहा सेकंद आजचं नाचायचं फॅड आलंय. मला ते पटत नाही. परीक्षक तोंडदेखलं "व्वा फ्यूजन" म्हणतात, पण जुन्या डान्सची जी हवा तयार झालेली असते ती तिथे फुटते आणि परत जमत नाही. करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी करा.

अंगाची भाषा आधी, स्टेप नंतर

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक काळाची, प्रत्येक कोरिओग्राफरची उभं राहायची पद्धतच वेगळी असते, ती न घेता स्टेप घेतल्या की आजचा माणूस जुने कपडे घालून आल्यासारखा दिसतो. अमेरिकन कोरिओग्राफर बॉब फॉसी बघा, गुडघे आणि पाय आतल्या बाजूला वळलेले, खांदे पुढे झुकलेले, टोपी, ग्लोव्ह्ज. हे आलं कुठून? त्याच्या स्वतःच्या अंगातून. पाय बाहेर उघडत नव्हते, पोक होतं, केस विरळ होत चालले होते म्हणून टोपी आली. बॅलेवाली मुलगी येते, पाठ ताठ, पाय सुंदर बाहेर उघडलेले, स्टेप्स एका तासात उचलते, आणि ते फॉसी वाटतच नाही. तिला आधी तासभर फक्त त्या पोश्चरमध्ये चालायला लावायचं, बसायला, वळायला, पाणी घ्यायला जाताना सुद्धा तसंच. कंटाळा येतो, पण दुसऱ्या दिवशी स्टेप टाकली की आपोआप वेगळी पडते.

जुने फिल्मी डान्स करताना आजच्या मुलांचा एक ठरलेला रोग म्हणजे सगळंच शंभर टक्के. प्रत्येक बीटवर हिट, प्रत्येक हालचाल टोकापर्यंत, कारण रिअॅलिटी शोने तेच शिकवलंय, थांबलास तर गेलास. जुन्या डान्समध्ये थांबणं भरपूर आहे. समजा चार काउंटची एक जागा आहे, बाई नुसती वळून बघते. आपली स्पर्धक काय करते, एकवर मान वळवते, दोनवर भुवई, तीनवर हसू, चारवर केस उडवते. झालं, चार हालचाली झाल्या आणि बघणं राहूनच गेलं. मूळ क्लिप अर्ध्या वेगावर लावा, बहुतेक वेळा असं दिसेल की एकवर फक्त डोळे गेलेत, मान अजून तिथेच आहे, मान दोनच्या शेवटी निघते आणि तीनवर पोचते, आणि चारवर काही नाही, काहीच नाही, ती फक्त तिथे आहे. हे चार काउंट घासायला अख्खी दुपार गेली तरी चालेल, कारण ही लाल चौकटीतली जागा आहे आणि यालाच शिट्टी येते.

थांबणं जमत नसेल तर थांबताना मनात काहीतरी ठरलेलं वाक्य म्हणायला लावा, "आलास का एकदाचा" किंवा असलंच काही, डोळ्यांत लगेच फरक पडतो. नुसतं "एक्स्प्रेशन दे" म्हटलं की मुलं दात दाखवतात.

आणि नक्कल किती करायची? चेहऱ्याच्या लकबी घेऊ नका. हसताना ओठ एका बाजूला जाणं, डोळे बारीक करणं, हे मूळ नटीचं स्वतःचं होतं, तुम्ही केलं की मिमिक्री होते आणि लोक हसतात. वेळ घ्या, दिशा घ्या, वजन घ्या, चेहरा तुमचाच ठेवा. उंचीचाही विचार करा, मूळ जोडीत पुरुष हातभर उंच असेल आणि तुमच्यात दोघं एका उंचीचे असाल तर हाताखालून फिरवायची गिरकी अडकणार, तिथे मुलीने गुडघ्यात जायचं का मुलाने टाचा उचलायच्या हे आधीच ठरवा, स्टेजवर नको.

स्टेज आणि कॅमेरे

सिनेमात नाचणाऱ्यासमोर एक कॅमेरा असतो आणि तो पाहिजे तिथे जातो. स्टुडिओत तुमच्यासमोर परीक्षक, बाजूंना प्रेक्षक, समोर दोन-तीन कॅमेरे, एक क्रेनवर, एक माणसाच्या अंगावर बांधलेला आणि तुमच्याभोवती फिरणारा. त्यामुळे काउंट शीटमधला कॅमेऱ्याचा रकाना फार कामाचा. मूळमध्ये जिथे डोळ्यांचा क्लोज-अप आहे तिथे लिहा "क्लोज", जिथे फॉर्मेशन वरून दिसतं तिथे "क्रेन", आणि ही शीट स्वच्छ लिहून डायरेक्टरच्या टीमला द्या. तोंडी सांगून उपयोग नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी अशा दहा-बारा नंबरांचा गोंधळ असतो. ती नजरेची जागा तुम्ही जीव ओतून केली आणि त्याच वेळी टीव्हीवर टाळ्या वाजवणारी पब्लिक दिसत होती, असं झालं तर घरी बसलेल्या माणसासाठी ती जागा झालीच नाही.

कॅमेरा रिहर्सलला मार्किंग करू नका, म्हणजे अर्ध्या हाताने, चालत चालत नको, पूर्ण करा. तिथे तुम्ही नाही, कॅमेरामन शिकत असतो. त्याला जिथे दिसलात तिथेच तो शूटला बघणार. जमिनीवर टेपच्या खुणा मागा आणि लाल चौकटीच्या वेळी खुणेवरच उभे रहा, हातभर इकडेतिकडे झालं की फ्रेममधून अर्धे बाहेर.

मागच्या एलईडी पडद्यावर मूळ गाण्याची क्लिप लावायचा आग्रह होतो, त्याला शक्य तितका विरोध करा. वीस फुटी मूळ नटी मागे नाचत असताना तुमच्याकडे कोण बघणार?

कपडे, वस्तू आणि ट्रिक

मूळसारखा ड्रेस शेवटच्या दिवशी येतो, हे गृहीतच धरा. पण वजन आणि घेर आधीपासून हवा, म्हणून तालमीला तेवढ्याच वजनाचा जुना घागरा बांधा, टाचेची चप्पल असेल तर पहिल्या दिवसापासून टाच. सगळ्यात जास्त घात होतो ओढणीने, जाळीची ओढणी बांगडीत अडकते, जोडीदाराच्या जॅकेटच्या बटणात अडकते, आणि मग अख्खी गिरकी एका हाताने. अडकण्याच्या जागा तालमीतच कळतात, तिथे ओढणी टाका घालून बसवून टाका आणि बटणं आतल्या बाजूला लपवा. बारीक रेघांचं नाहीतर बारीक चौकड्यांचं कापड कॅमेऱ्यात लाटांसारखं थरथरतं, ते टाळा. घुंगरू बांधणार असाल तर आधी साउंडवाल्याला विचारा ते ऐकू जाणार आहेत का, ऐकू जात असतील तर ठेका किंचितही मागे पडला की सगळ्यांना कळतं.

वस्तू असेल, बाकडं, छत्री, खुर्ची, तर खरी किंवा तेवढ्याच मापाची पहिल्या दिवसापासून मागा. ऐनवेळी चार इंच जास्त उंच बाकड्यावरून उडी मारायची वेळ आली तर आठवडाभराची मेहनत पाण्यात.

आणि ट्रिकच्या मागे धावू नका. जॅक्सनचं ते पुढे झुकणं, ४५ अंशांचं, ते १९८८ च्या 'स्मूथ क्रिमिनल'च्या व्हिडिओत तारा लावून केलं होतं, आणि स्टेजवर करता यावं म्हणून खास बूट बनवले, टाचेत खाच, जमिनीतून वर येणारी खुंटी त्यात अडकते, त्याचं पेटंट त्याच्या आणि साथीदारांच्या नावावर १९९३ मध्ये नोंदलं गेलं. ती ताकद नाही, ते यंत्र आहे. प्रॉडक्शन फ्लोअरमध्ये तशी सोय करत असेल आणि सेफ्टीची माणसं असतील तर करा, नाहीतर जेवढं अंगाने होतं तेवढं झुका आणि बाकीचं लाइटवर सोडा. घोट्यावर आणि पायाच्या मागच्या शिरेवर फार ताण येतो, हौसेने करायचं काम नाही.

आठवडा मिळाला तर

पहिला दिवस बघणं आणि शीट. दुसरा दिवस अंगाची भाषा, आणि नुसत्या लाल चौकटी, बाकी काही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधलं भरून पूर्ण डान्स उभा करा, पाचव्या दिवशी कपड्यांच्या वजनासकट सलग रन-थ्रू, न थांबता, एकामागून एक, कारण दम कुठे जातो ते सलग केल्याशिवाय कळत नाही. सहाव्या दिवशी कॅमेरा. नवीन बदल पाचव्या दिवसानंतर कुणीही, अगदी मेंटरनेही सुचवला तरी नको, तोंडावर नाही म्हणता येत नसेल तर "हो सर, बघतो" म्हणा आणि बघू नका.

शूटच्या दिवशी

मूळ डान्स करणारी व्यक्तीच पाहुणी परीक्षक म्हणून समोर बसवायची, हा चॅनेलचा आवडता उद्योग आहे, आणि तो तुमच्यापासून शेवटपर्यंत लपवलेला असू शकतो. झालंच तसं, तर नाचताना त्यांच्याकडे बघायचं नाही. डोळे तिकडे गेले की तुम्ही परीक्षा द्यायला लागता आणि नजरेच्या ठरलेल्या सगळ्या जागा हुकतात. डान्स संपल्यावर त्या स्टेजवर येणार आणि गाण्याची ओळख बनलेली ती हुक स्टेप तुमच्यासोबत करणार, हेही जवळपास ठरलेलं, त्या वेळी धापा टाकत असलात तरी त्यांच्या वेगाने करा, त्या वय झाल्यामुळे अर्धीच स्टेप करत असतील तर तुम्हीही अर्धीच करा. शेजारी पूर्ण ताकदीने करून दाखवणारे स्पर्धक मी पाहिलेत, फार वाईट दिसतं.

मधे चुकलं तर थांबायचं नाही, पुढच्या लाल चौकटीवर जाऊन उभं राहायचं. तुम्हाला चारही जागा झोपेत येत असतात, त्यामुळे कुठूनही तिथे पोचता येतं. शेवटची पोझ मात्र गाणं संपलं म्हणून सोडू नका, कॅमेरा तीन-चार सेकंद तुमच्यावर असतो, फ्लोअर मॅनेजर सांगेपर्यंत तसेच रहा, श्वास नाकाने.

आणि काउंट शीट, कापलेल्या गाण्याची फाइल, दोन्ही जपून ठेवा, फाइलला तारीख घालून. फायनलच्या आठवड्यात "तुमचा तो रेट्रोवाला नंबर परत करा" असा फोन एक दिवस आधी येतो आणि तेव्हा कुणालाही आठवत नसतं की अंतरा दुसरा घेतला होता का पहिला.